जागा धरलीय

१

मधुवंतीचा चेहरा कुणी ओळखत नसे, पण तिचा आवाज निम्म्या मुंबईच्या कानात होता. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य वीस-वीस मिनिटं ऐकत ज्यांनी ज्यांनी दातओठ खाल्ले, त्यांनी मनातल्या मनात तिलाच शिव्या घातल्या होत्या. लिफ्टमध्ये "तिसरा मजला" म्हणणारी तीच आणि मॉलच्या पार्किंगमध्ये "कृपया तिकीट घ्या" म्हणणारीही तीच. एकदा तर सात बंगल्याच्या एटीएममध्ये तिच्याच आवाजाने तिला "आपलं कार्ड स्वीकारता येत नाही" असं सुनावलं होतं. घरी आल्यावर ती आणि गार्गी त्यावर पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या.

गार्गी तिची मुलगी, सत्तावीस वर्षांची, सांताक्रूझला एका विमा कंपनीत नोकरीला. मधुवंतीचा नवरा देवदत्त जाऊन आठ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात या दोघीच. आवाज इतका सारखा की फोनवर भल्याभल्यांची फसगत व्हायची. मधुवंतीची सख्खी बहीणसुद्धा आधी "कोण, आई की मुलगी?" असं विचारून घ्यायची आणि मगच कुचाळक्यांना सुरुवात करायची.

त्या शनिवारचं काम ट्रामचं होतं. वर्सोव्याच्या किनाऱ्याने म्हणे वारसा ट्राम धावणार होती, जुन्या धाटणीची, लाकडी बाकांची, पितळी घंटेची. आता अंधेरीत ट्राम कधी धावलीच नव्हती. ट्रामा होत्या त्या तिकडे शहरात, आणि त्या बंद पडूनही साठ वर्षं झाली. जे कधी नव्हतंच त्याचा वारसा कसला, असं मधुवंतीने प्रकल्पाच्या ऑफिसातल्या माणसाला विचारलंही. तो म्हणाला, "मॅडम, फील महत्त्वाचा." रूळ नव्हते, गाडी नव्हती, मंजुरीसुद्धा अर्धीमुर्धीच. किनाऱ्याच्या रस्त्यावर पिवळ्या रंगाच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या आणि लोकांना दाखवायला म्हणून एक नमुन्याचा थांबा उभा केला होता, लाकडी बाक आणि वर कौलं. घोषणा मात्र आधी हव्या होत्या, कारण प्रदर्शनात पडद्यावर ट्राम धावणार होती आणि तिने बोलणं गरजेचं होतं.

सौरभचा स्टुडिओ यारी रोडवरच्या एका इमारतीच्या तळघरात होता. सौरभ चाळिशीचा, टक्कल पडलेला आणि तोंडाने फटकळ. सात थांबे होते. सहावा थांबा संपला आणि मधुवंतीचा घसा बसला तो बसलाच. गरम पाणी झालं, खडीसाखर झाली, तरी "पुढील" म्हटलं की नुसती हवा यायची.

"गार्गी, तूच मार ना यार शेवटच्या दोन लाइनी," काचेपलीकडून सौरभ म्हणाला. गार्गी आईला खरेदीला न्यायला आली होती आणि कोपऱ्यात मोबाइल बघत बसली होती. "कोणाच्या बापाला कळतंय?"

गार्गीने वाचलं. "पुढील थांबा, खाडीमुख. हा शेवटचा थांबा आहे. कृपया आपलं सामान विसरू नका." पहिल्याच फटक्यात ओके झालं. स्वतः मधुवंतीला क्षणभर वाटलं की आपणच बोललो.

मग रूम टोन. कुठलंही रेकॉर्डिंग संपलं की अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवतात, पुढे जोडकामात मधल्या फटी बुजवायला. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. एसी बंद झाला, लाल दिवा लागला आणि नेमका तेव्हाच गार्गीच्या हातातला फोन थरथरला. साहेबांचा फोन होता. गार्गीने जीभ चावली, दाराकडे बोट केलं आणि सवयीने, अगदी हळू, म्हणाली, "येते मी." आणि दार लोटून बाहेर गेली.

आपल्याकडे निघताना कुणी "जाते" म्हणत नाही. निघणारा "येतो" म्हणतो आणि घरातला "ये" म्हणतो, मग माणूस कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला असो नाहीतर अमेरिकेला. मधुवंतीने हे गार्गीच्या अंगी पक्कं भिनवलं होतं. शाळेत निघताना पोरगी चुकून "जाते" म्हणाली की तिला परत आत बोलावून "येते" म्हणायला लावायची, बस चुकली तरी बेहत्तर. आणि "ये" म्हणायचं काम आईचं. आज मात्र लाल दिवा चालू होता, म्हणून मधुवंती गप्प बसली.

२

सोमवारी दुपारी सौरभचा फोन आला. "ताई, जरा येऊन जाता का? फोनवर नाही कळणार."

ती स्टुडिओत पोचताच त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. रूम टोन होता. खोलीचा आवाज म्हणजे तसा काहीच नसतो, पण ऐकत राहिलं की त्यालाही वजन येतं. मग गार्गीचं कुजबुजलेलं "येते मी". दार उघडल्याचा आणि मऊ रबरावर बंद झाल्याचा आवाज. त्यानंतर मधुवंतीने श्वास मोजले, चार. आणि एक बाई म्हणाली,

"ये. जागा धरलीय."

आवाज लांबचा नव्हता. कुणी दबकून बोललेलं नव्हतं, भेसूर वगैरे तर मुळीच नाही. पन्नाशीची, खाऊनपिऊन सुखी अशी एखादी बाई ओळखीच्या मुलीला जसं म्हणेल, तसं.

"मला वाटलं तुम्हीच मस्करी केली," सौरभ म्हणाला.

"मी तुझ्यासमोर बसले होते, सौरभ."

"तेच ना. मी बघत होतो तुमच्याकडे. तुमचे ओठ हललेच नाहीत."

मग दोघांनी शहाण्या माणसांसारखे तर्क केले. शेजारच्या स्टुडिओत मालिकांचं डबिंग चालतं, तिथून काही झिरपलं असेल. पण शनिवारी दुपारी तो बंद होता. कुणाच्या तरी मोबाइलचा आवाज वायरीत शिरला असेल. सौरभने तेवढ्यावर समाधान मानलं, कारण त्याला संध्याकाळी दुसऱ्या पार्टीचं रेकॉर्डिंग होतं. मधुवंतीनेही मानलं. भर दुपार होती, वर रिक्षांचे हॉर्न चालले होते, अशा वेळी भीती काही वाटत नाही, नुसतं अवघडल्यासारखं होतं. तिच्या डोळ्यांदेखत त्याने तो तुकडा पुसून टाकला.

घरी परतताना सात बंगल्याच्या बाजारात ती मेथी निवडत उभी राहिली आणि तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. कुणीतरी बोललं याचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. "ये" म्हणायची पाळी तिची होती. ती बोलली नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी पोरीला उत्तर दिलं.

३

त्या आठवड्यात गार्गी उशिरा घरी यायला लागली. फार नाही, अर्धा-पाऊण तास. कामाचं विचाराल तर काम नव्हतं. चपलांना ओली वाळू असायची आणि चेहरा दुपारी गाढ झोपून उठलेल्या माणसासारखा सुजलेला, शांत.

"किनाऱ्यावर बसते गं," ती म्हणाली. "तो नमुन्याचा थांबा आहे ना, तिथे. मस्त वाटतं. नुसती झोप येते."

"थांब्यावर कसली झोप? तिथे कुत्री असतात सगळी."

"नसतात. तिथे कुणीच नसतं, पण एकटं नाही वाटत." गार्गीने ताटातली भाजी उगाच इकडची तिकडे केली. "कसं सांगू तुला? लग्नाच्या हॉलमध्ये आपण उशिरा पोचतो, सगळीकडे गर्दी, आणि मग लांबून कुणीतरी हात करतं ना, की इकडे ये, इथे आहे जागा. तसं वाटतं."

त्या रूम टोनबद्दल तिने गार्गीला एक अक्षर सांगितलं नव्हतं. सौरभने सांगितलं असेल, तिने स्वतःला समजावलं. तो काय, पोटात काही ठेवणाऱ्यांतला नव्हे. तिने त्याला फोन करून विचारलं. त्याने नाही म्हणून आईची शपथ घेतली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर गार्गी दिवाणावर आडवी झाली. समुद्राकडची खिडकी उघडी होती. ऊन इतकं पांढरं की समोरच्या इमारती पाण्यात बुडवून काढल्यासारख्या दिसत होत्या. मधुवंती खुर्चीत बसून पेपर वाचता वाचता पेंगत होती. अर्धवट झोपेत तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, कामाचा, घासूनपुसून केलेला.

"पुढील थांबा, मिठागर."

तिने डोळे उघडले. गार्गी पाठमोरी झोपली होती, आणि आवाज तिच्याकडून येत होता.

"पुढील थांबा, ओहोटी." मध्ये बरोबर तेवढीच जागा सोडलेली, जेवढी घोषणेत सोडतात. "पुढील थांबा, पाण्यापलीकडे."

यादीत थांबे सातच होते. सातवा खाडीमुख, आणि तोच शेवटचा. मधुवंतीने तो कागद दहा वेळा वाचला होता. तिला उठायचं होतं, पण त्या आवाजात असं काहीतरी गोड होतं की अंगातली ताकदच जात होती. आपणही डोळे मिटावे आणि पुढचा थांबा ऐकावा, असं तिला मनापासून वाटलं. हे वाटणंच तिला पुढे जास्त भेसूर वाटत राहिलं.

खाली रस्त्यावर घंटा वाजली. टण्... टण्. कुल्फीवाला असेल, मधुवंतीच्या डोक्याने ताबडतोब उत्तर दिलं. पण आवाज रस्त्यावरून येत नव्हता, त्याच्या पलीकडून, पाण्याच्या बाजूने येत होता.

गार्गी ताडकन उठून बसली. डोळे उघडे, पण जागी म्हणावं अशी नव्हे. बस आलेली बघून माणूस जशी घाई करतं तशी तिने ओढणी सावरली, पायाने चपला चाचपल्या आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, मी ये—"

मधुवंतीने झेप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. पेपर, चष्मा, पाण्याचं भांडं, सगळं फरशीवर गेलं. पोरगी गुदमरून हातपाय झाडायला लागली तरी तिने हात काढला नाही. घंटा पुन्हा एकदा वाजली आणि थांबली.

"काय झालं तुला!" हात सुटल्यावर गार्गी खोकत ओरडली. आता ती पुरती जागी होती. "जीव घेशील माझा!"

मधुवंती फरशीवर बसून रडायला लागली. तिला एवढंच कळत होतं की आपली एकुलती एक पोर कुणीतरी गोड बोलून घेऊन चाललंय, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही.

४

"गार्गीचा आवाज काढून टाक," सोमवारी सकाळी तिने सौरभला सांगितलं. "सातही थांबे मी पुन्हा बोलते. सगळं माझ्या आवाजात हवंय मला."

"ताई, फाइल ओके झालीय त्यांच्याकडून. कशाला उगाच—"

"सौरभ."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने माइक लावला.

घसा ठणठणीत होता. मच्छीमार धक्क्यापासून खाडीमुखापर्यंत ती एकदाही अडखळली नाही. मग ती म्हणाली, "रूम टोन घे." एसी बंद झाला आणि लाल दिवा लागला. मधुवंतीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले आणि माइकच्या अगदी जवळ जाऊन, दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला निक्षून सांगावं तसं, सांगितलं,

"ती नाही येणार. ते तिने मला म्हटलं होतं, तुम्हाला नाही. मी येते."

काचेपलीकडे सौरभने कपाळाला आठ्या घातल्या. सेकंदाचे आकडे पडद्यावर पळत होते. वीस. पंचवीस. काही नाही. कसं असेल, मधुवंतीला वाटलं, आपण एवढ्या शिकल्यासवरल्या, तळघरात बसून कुणाशी बोलतोय? तिला हसू यायच्या बेतात होतं.

"या," ती बाई म्हणाली.

पोरीला 'ये', आणि हिला 'या'. वयाचा मान ठेवला होता. मधुवंतीला घाम फुटला तो त्या शिष्टाचाराने.

सौरभने हेडफोन काढून टेबलावर फेकले, उठून खोलीतले होते नव्हते ते सगळे दिवे लावले आणि पाठ भिंतीला लावून उभा राहिला. "ताई," तो म्हणाला, "हे काम मी सोडलं म्हणून समजा. तुम्ही पण त्या ट्रामच्या वाटेला जाऊ नका. चार दिवस बहिणीकडे राहा, मुलुंडला."

पण मधुवंती कुठेही गेली नाही, आणि ते चार दिवस फार सुखाचे गेले. गार्गी ऑफिसमधून थेट घरी आली, रोजच. गीझर चालू ठेवला म्हणून भांडली, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, मैत्रिणीबरोबर शनिवारी जोगेश्वरीला जायचं ठरवलं. थांब्याचं नावसुद्धा तिने काढलं नाही. मधुवंतीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कुठला थांबा?"

मधुवंती त्या रात्री किती दिवसांनी पोटभर जेवली. सौदा जमला होता. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण त्या भीतीपेक्षा मोठा आनंद होता. चोपन्न वर्षं जगून झालं होतं आणि पोर वाचली होती.

५

शुक्रवारी दुपारी पावणेपाचला घंटा वाजली. गार्गी ऑफिसात होती. मधुवंतीने आमटीखालचा गॅस बंद केला, साडी नीट केली, पर्स घेतली. पर्स कशाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. बाईमाणूस घराबाहेर पडताना पर्स घेतं. दाराला कुलूप लावून ती जिना उतरली.

ओहोटी होती. हवेत बारीक धुरकट असं काहीतरी पसरलं होतं आणि त्यातून समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. नमुन्याच्या थांब्याचं बाक उन्हाने कोमट झालं होतं. ती बसली. पिवळी फुली तिच्या पायांपुढेच होती. कुत्रं नव्हतं, माणूस नव्हतं. खरंच झोप येत होती. गार्गी म्हणाली ते खोटं नव्हतं.

ट्राम आली ती रस्त्याने नाही, ओल्या वाळूवरून. रूळ नसताना ती कशी आली हे मधुवंतीने बघितलं नाही, म्हणजे बघवलं नाही. तिने फक्त पायरी बघितली. लाकडी, झिजून मधोमध खोल झालेली. जी गाडी अजून बनलीच नाही तिची पायरी इतकी झिजली कशी, एवढा एकच प्रश्न तिच्या मनात आला, आणि तोही पाय वर ठेवल्यावर.

आत गर्दी होती, पण गलका नव्हता. सगळे समोर तोंड करून बसले होते. डोक्यांची रांगच्या रांग, वेण्या, टकलं, गजरे, टोप्या, आणि वळून कुणीही बघितलं नाही. मधल्या एका बाकावर फुलाफुलांचा रुमाल पसरला होता, एसटीत खिडकीतून टाकून ठेवतात तसा. मधुवंतीने तो उचलला, बाजूला ठेवला आणि बसली. गाडी सुरू झाली. वर कोपऱ्यात पितळी जाळीचा गोल भोंगा होता, आणि त्यातून तिचा आवाज म्हणाला, "पुढील थांबा, मच्छीमार धक्का." घोषणा चांगली झाली होती, तिला वाटलं.

पुढच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. पाठमोऱ्या, भरल्या अंगाच्या, अंबाड्यात अबोली. वळल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "या. बसलात ना नीट?"

"हो," मधुवंती म्हणाली. "एवढंच ना आता? माझ्यापुरतंच?"

बाईंनी अंबाड्यातली अबोली नीट खोचली. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. मधुवंतीचं आत्ता लक्ष गेलं, की त्या जागेवरही रुमाल होता.

पर्समधला फोन वाजायला लागला. गार्गी.

ती आज लवकर घरी आली असणार. दाराला कुलूप बघितलं असणार. नाही उचलला तर पोरगी शोधत निघेल, आणि शोधत शोधत किनाऱ्यावर यायला तिला वेळ लागणार नाही. उचलायलाच हवा. उचलून एकच सांगायचं, येऊ नकोस. काही झालं तरी किनाऱ्यावर येऊ नकोस, मुलुंडला मावशीकडे जा. तिने फोन कानाला लावला.

"आई? अगं, कुठे आहेस तू? मी दारात उभी आहे कधीची. किल्ली पण नाही माझ्याकडे."

मधुवंतीने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि आवाज आला नाही. घसा बसला की निदान हवा तरी येते, तीही आली नाही. तिने पुन्हा जोर लावला. येऊ नकोस. येऊ नकोस.

वरच्या पितळी भोंग्यात किंचित खरखर झाली.

"ये गं," तिचा आवाज म्हणाला, मायेने, अगदी घरचा. "मी किनाऱ्यावर आहे, त्या थांब्याजवळ. जागा धरलीय तुझ्यासाठी."

मधुवंतीने फोन छातीशी घट्ट दाबला, पदरात गुंडाळला, त्यावर पालथी पडली. तरी गार्गी स्पष्ट ऐकू आली. एवढा वेळ घाबरलेली ती आता हसत होती.

"हात्तिच्या! मग आधी सांगायचं ना. बरं, रिक्षा करते. पाच मिनिटांत पोचते."

फोन बंद झाला. गाडीचा वेग कमी झाला होता, जणू कुणासाठी तरी थांबायचं होतं. पुढच्या बाकावरच्या बाईंनी शेजारचा रुमाल उचलला, नीट चौकोनी घडी घातली आणि त्या जराशा सरकून बसल्या.